चोळीबांगडीचं गवत

लष्कर, ग्वाल्हेर
१२ जानेवारी १९५३

रा. रा. रमाकांत दिघे यांस,

जयसिंहरावांचा नमस्कार पोचावा. आपण आता कलकत्त्याला मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ झालात, तेव्हा ‘आपण’ म्हणणंच बरं. तीन वर्षांहून जास्त काळ मी आपल्याला पत्र घातलं नाही. आजही राग गेला म्हणून लिहीत नाही. काम निघालं म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात आमची जागीर सरकारजमा झाली. वर्तमानपत्रात वाचलं असेलच. गावं गेली, त्याचं मला दुःख नाही असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आणि सांगून सांगून आता मलाही ते पटायला लागलंय. पण त्याबरोबर पनिहारच्या वाटेवरचं कुरणही गेलं. माझे वडील मानसिंगराव यांनी पागेच्या घोड्यांसाठी राखलेलं कुरण. आणि कुरणात तो तारेच्या कुंपणाचा तुकडा, जिथं आपण वर्षानुवर्षं पोटावर पालथे पडून गवताच्या काड्या मोजल्यात. ना गुरं चरू दिली, ना विळा लागू दिला. नव्या सरकारला तिथं गव्हाच्या बियाण्याची शेती करायची आहे. ट्रॅक्टर आला की कुंपण, गवत, आपली सगळी मोजदाद एका दिवसात नांगराखाली जाईल.

आपल्याला त्या तुकड्यात जे नवं गवत सापडलं, ते आजवर दुसरीकडे कुठं मिळालेलं नाही, असं आपणच छापलंय. तेव्हा आपण सरकारला दोन शब्द लिहावेत. मोठ्या माणसाचं पत्र असलं की माझ्यासारख्या माजी माणसाला निदान खुर्ची मिळते.

आता दुसरी गोष्ट. त्या गवताला माझ्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलं होतं. त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना तसा शब्द दिला होता. आपलं नियतकालिक आलं त्या दिवशी मी पाटणकर बाजारात पेढेसुद्धा सांगून ठेवले होते. उघडून पाहतो तर लॅटिनमध्ये ‘लीलाए’. म्हणजे लीलेचं. कोण ही लीला, हे मी तेव्हा विचारलं नाही. आपण अविवाहित होता, तरुण माणसाला काही गोष्टी विचारू नयेत. पण माझ्या वडिलांचं कुरण, माझा पैसा, आणि नाव कुठल्याशा लीलेचं? पेढे मात्र आले. ते आमच्या बाईसाहेबांनी सगळ्या नोकरमाणसांना वाटले, आणि मी न खाता उठलो.

नाव अजूनही बदलून मिळत असेल तर बदलावं. मानसिंगरावांच्या नावाचं गवत वाचवा म्हणून मला चार लोकांत सांगता येईल. लीलेच्या गवतासाठी मी कुणाच्या दारात उभा राहू?

आपला,
जयसिंहराव


लष्कर
२८ एप्रिल १९५३

रमाकांतराव,

पत्र पोचलं. सरकारला लिहिलेलं पत्रही उत्तम आहे. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, म्हणजे ते नक्कीच वजनदार असणार.

ते घेऊन मी सचिवालयात गेलो तर तिथं कपाटं दोरीनं बांधणं चाललेलं. उन्हाळ्यात राजधानी इंदूरला जाते, आता गवताचा कागद दिवाळीनंतर परत येईल, असं चपराशानं सांगितलं. पूर्वी उन्हाळ्यात दरबार शिवपुरीला जायचा, पण मागे निदान एक दिवाण ठेवून जायचा. हे लोक जाताना टाचण्यासुद्धा नेतात. एक बरं झालं. कागद इंदूरला असेपर्यंत ट्रॅक्टरही येत नाही.

नावाबद्दल आपण जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. एकदा रीतसर छापलेलं पहिलं नाव शास्त्रात कायमचं, पुढं कोणीही आला, कितीही मोठा असला, तरी ते बदलता येत नाही. वा. आमच्या सनदेवरही ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ लिहिलं होतं. चंद्र आहे, दिवाकर आहे, जागीर तेवढी नाही. तुमच्या शास्त्राचा शब्द दरबाराच्या शब्दापेक्षा पक्का निघाला, हे मला आवडलं नाही आणि मनातून थोडं आवडलंही.

पण त्याखालचं वाक्य मात्र झोंबलं. ‘ज्यांच्या पैशावर हे काम झालं, त्यांचंच नाव मी दिलं आहे. याहून जास्त सांगायची मला परवानगी नाही.’ अरे, पैसा माझा! तू कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, धोतराला कुसळं चिकटलेली, आमच्या दारात येऊन म्हणालास की मला गवत शिकायचंय. वडील म्हणाले, गवत काय शिकायचं, ते घोडा शिकतो. मीच त्यांना पटवलं की हा मुलगा गवतात पवन्या बरा का मारवेल बरा ते सांगेल, घोडे चांगले पोसतील. म्हणून तुझा पगार पागेच्या खर्चात, घोड्यांच्या चंदीबरोबर, मंजूर झाला. तुझं शास्त्र घोड्याच्या तोंडातलं काढून पोसलंय, आणि ते मी काढलंय.

बघ, रागात ‘तू’ म्हणून गेलो. आता परत वर चढवणं जमायचं नाही. तूच राहा.

उन्हाळा फार आहे. आमच्या बाईसाहेब विचारतात, कलकत्त्यात तुला ज्वारीची भाकरी मिळते का. मी म्हटलं, त्याला विचारायची मला परवानगी नाही.

जयसिंहराव


लष्कर
१० डिसेंबर १९५३

चि. रमाकांत यास आशीर्वाद.

राजधानी परत आली. गवताचा कागदही आला, एका तरुण अधिकाऱ्याच्या टेबलावर. माणूस भला आहे. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं, “सरदार साहब, इस घास का फ़ायदा क्या है?”

मला हसू आलं. हाच प्रश्न माझ्या वडिलांनी तुला विचारला होता, तो आठवतोय का? तू नवं गवत हातात धरून धावत आलास, त्यांनी ते घोड्यापुढं धरलं, आणि घोड्यानं तोंड फिरवलं. तू रडवेला झाला होतास. वडील म्हणाले होते, राहू दे, सगळंच काय घोड्यानं खायचं असतं का. मोठा माणूस.

त्या अधिकाऱ्याला मी म्हटलं की पैसे देणारा नेहमी दुसऱ्याच गोष्टीसाठी देतो. दरबारनं जोशीबुवांना मुहूर्तासाठी पोसलं, ते गच्चीवर बसून ग्रहणं मांडायचे. आम्ही रमाकांताला घोड्यासाठी पोसलं, तो घोडा न खाणाऱ्या गवतात रमला. तुम्ही गव्हासाठी पोसा. गहूही मुळात गवतच, असं तोच सांगायचा. उद्या गव्हाला रोग पडला तर उत्तर कुठल्या गवतात मिळेल ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. त्यानं हे लिहून घेतलं. मग म्हणाला, ठीक आहे, तुकडा नांगरायचा थांबवता येईल, पण कुंपणाला आणि राखणदाराला सरकारात तरतूद नाही. घोडं पेंड खातंय ते इथं. कुणीतरी देणगीदार आणा, म्हणाला. आणा म्हणे! मी स्वतः देणगीदाराच्या जागेवरून नुकताच उठवला गेलेला माणूस.

घरी येऊन माधवरावांना बोलावलं. आमचे जुने कारभारी, तुला पगार त्यांच्याच हातून मिळायचा. त्यांना विचारलं, लढाईच्या वर्षांत पाग मोडली, चंदीचा खर्च बंद झाला, तरी रमाकांताचा पगार चालू होता. तो तुम्ही कुठून काढत होता? तिथूनच आता कुंपणाचं बघा.

माधवरावांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “ते बाईसाहेबांकडून यायचं, सरकार. चोळीबांगडीतून.”

तुम्हा पांढरपेशांच्या घरी ही चाल नसते म्हणून सांगतो. आमच्यात सून घरात आली की तिच्या चोळीबांगडीला म्हणून एखादं लहानसं गाव लावून देतात. त्याचं उत्पन्न तिचं, त्यात नवऱ्यानं बघायचं नाही. मीही कधी बघितलं नाही. पाग मोडल्यापासून तिनं अंगावर नवं सोनं घेतलं नाही, सणाला काचेच्याच बांगड्या भरल्या, तेही मी बघितलं नाही. मला वाटायचं, वय झालं, हौस गेली.

आत जाऊन तिला विचारलं. ती तूप कढवत होती. म्हणाली, त्यात काय एवढं, मुलगा चांगलं काम करत होता, आपली पाग मोडली यात त्याचा काय कसूर? आणि मला सांगितलं का नाही, तर म्हणे, आपल्याला कमीपणा वाटला असता. खरं आहे, वाटला असता. आत्ताही वाटतोय, पण त्याबरोबर छातीही फुगलीय. माझी सगळी ऐट त्या बाईच्या मनगटावर चालली होती.

तेव्हा तुझं वाक्य आता मला कळलं. ज्यांच्या पैशावर काम झालं. कबूल. वडिलांच्या नावाचा हट्ट मी आज सोडला. पण म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस, उलट दुप्पट झालाय. अरे कृतघ्ना, तिच्या बांगड्यांवर तू शिकलास, खाल्ल्या मिठाला जागायचं तर त्या गवताला तिचं राजलक्ष्मी हेच नाव द्यायचं होतंस. चांगलं भरदार नाव आहे. ते सोडून ही लीला कुठून काढलीस? तिलाही मी हे बोलून दाखवलं. ती तूप गाळायला उठली.

उत्तर दे. परवानगी नाही वगैरे ऐकून घेणार नाही.

जयसिंहराव


लष्कर
६ मार्च १९५४

चि. रमाकांत,

तू उत्तर दिलं नाहीस ते बरं केलंस. माझं डिसेंबरचं पत्र जपून ठेवलं असलंस तर जाळून टाक.

गेल्या आठवड्यात धारहून शांताताई आल्या. आमच्या बाईसाहेबांच्या मावशी. लग्नानंतर त्या इथं पहिल्यांदाच आल्या. टांग्यातून उतरताना मी हात द्यायला पुढं झालो, तर माझ्याकडं न बघता त्यांनी दाराकडं बघून हाक मारली, “लीले, पाणी आण गं, भाकरतुकडा ओवाळायचा राहू दे.”

आणि आमच्या बाईसाहेब पाणी घेऊन आल्या.

मी पायरीवर तसाच उभा. शांताताईंना वाटलं मला चक्कर आली. मला खरोखर आली होती.

रमाकांता, ते नाव मीच पुसलंय. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मी एकोणीस वर्षांचा होतो. गुरुजींनी कानात सांगितलं ते लिहिलं, राजलक्ष्मी, आणि ‘क्ष’ नीट उठला का तेवढंच बघितलं. त्याआधीचं नाव पत्रिकेत पाहिलं असेल, सोयरीक ठरताना कानावर पडलंही असेल. तिचे आईवडील लवकर गेले, माहेराहून येणंजाणं राहिलं नाही, त्या नावानं हाक मारणारंच कोणी उरलं नाही. आणि माझ्या डोक्यातून ते असं गेलं की छापून समोर आलं तर मला वाटलं, तुझी कोणी पोरगी असेल.

संध्याकाळी ती वाती वळत बसली होती तिथं जाऊन बसलो. शेवटी विचारलं, हे नाव त्याला तूच सांगितलंस का.

म्हणाली, “तो राजलक्ष्मीच द्यायला निघाला होता. मी म्हटलं, ते नाव यांनी दिलेलं आहे, यांच्या घराचं आहे. द्यायचंच असेल तर माझं दे.”

मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस, असं मी विचारलं. तिनं वात पूर्ण वळली, ताटलीत ठेवली. म्हणाली, “मला वाटलं, वाचलं की आपल्याला याद येईल.”

मला तेवढं पुरलं. म्हणजे त्या दिवशी पेढे तिच्या नावाचे होते. तिनं आपल्याच हातानं ते सगळ्यांना वाटले आणि मी तोंड फिरवून उठलो, त्या घोड्यासारखा. तिथून पुढं मी रोज जेवताना त्या लीलेला नावं ठेवत होतो आणि ती मला वाढत होती.

तुला मी कृतघ्न म्हटलं. ते शब्द परत घेतो आणि तुझ्या वडिलांसारखा तुझ्या डोक्यावर हात ठेवतो. माझ्या बायकोचं नाव तू सांभाळलंस. एकदा छापलेलं पहिलं नाव कोणी बदलू शकत नाही, हा तुमचा नियम मी बाहेरच्या खोलीत बसून मोठ्यानं म्हणून बघितला. फार चांगला नियम आहे.

आता तो तुकडा नांगरला जाऊ देत नाही. तिचं जे काही तिच्या नावावर या जगात आहे, ते तेवढंच आहे.

जयसिंहराव


लष्कर
२८ ऑक्टोबर १९५६

चि. रमाकांत,

दोन वर्षं त्या कागदामागं इंदूर-ग्वाल्हेर करून मी निम्मा झालो, ते तुला वेळोवेळी कळवत आलोच. आता चार दिवसांनी मध्यभारत राज्य संपतं आणि राजधानी कायमची भोपाळला जाते. गेल्या सोमवारी सचिवालयात गेलो तर पुन्हा कपाटं दोरीनं बांधणं चाललेलं, यावेळी परत न येण्यासाठी. अधिकारी तोच, केस जरा विरळ झालेले. म्हणाला, सरदार साहब, शनिवारपर्यंत देणगीदार आणलात तर मी सही करून जातो. नाही तर कागद भोपाळला जाईल आणि तिथं नवा माणूस पहिल्यापासून विचारील, घास का फ़ायदा क्या है.

घरी येऊन सांगितलं. माझ्या जागिरीचा मोबदला तर मुलीच्या लग्नात आणि घराच्या दुरुस्तीत जिरला. बाईसाहेब म्हणाल्या, चोळीबांगडीच्या गावाचा मोबदला हप्त्याहप्त्यानं येतो, तो मी हात न लावता ठेवलाय, तो द्या. मी म्हटलं, म्हातारपणाला राहू दे. म्हणाल्या, गवत माझं आहे, राखणदार दुसऱ्यानं का ठेवावा?

त्या आयुष्यात कधी कचेरीत गेल्या नव्हत्या. शनिवारी डोक्यावरचा पदर नीट करून माझ्याबरोबर आल्या. अधिकाऱ्यानं उठून खुर्ची दिली. कारकुनानं देणगीच्या कागदावर नाव विचारलं. मी सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलल्या.

“लीला।”

कारकून कागद उलटेपालटे करायला लागला. मुआवज़े के काग़ज़ में तो राजलक्ष्मी है, ये लीला कौन हैं? त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मैं हूँ। घास भी मेरे ही नाम की है।”

अधिकाऱ्यानं तुझं जुनं पत्र काढून त्यावरचं गवताचं नाव वाचलं, मग त्यांच्याकडं बघितलं, आणि उभा राहिला. पण कारकून शेवटी कारकूनच. हलफ़नामा लगेगा, म्हणाला. राजलक्ष्मी आणि लीला एकच बाई आहे असं नवऱ्यानं शपथेवर लिहून द्यावं. मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून लिहून दिलं. माझ्या पत्नीचं मूळ नाव लीला आहे. लग्नात मी ते बदललं. ती तीच आहे. ‘ल’ दोन्ही चांगले उठलेत.

सही झाली. सगळं कुरण वाचलं असं समजू नकोस. ट्रॅक्टर येणारच आहे, चारी बाजूंनी गहू होईल. तारेतला तुकडा मात्र राहील, राखणदार राहील, आणि तुला किंवा तुझ्यानंतर जो कोणी येईल त्याला तिथं पालथं पडून काड्या मोजायची मुभा राहील. मला वडिलांची आठवण झाली. त्यांना शब्द दिला होता तो मोडलाच. पण सुनेसाठी मोडला, ते रागावणार नाहीत.

आज सकाळी तुकडा बघायला आम्ही दोघं टांग्यानं गेलो. गवत बी धरून उभं आहे, या दिवसांत असतं तसं तांबूस. त्या तार वर करून आत शिरल्या. मला गुडघे वाकवता येत नाहीत, मी बाहेरच थांबलो. चालत चालत त्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथून माझ्याकडं वळल्या, डोकं तेवढं दिसत होतं. ऊन वाढायला लागलं, परत बोलवावं म्हटलं, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी हिला कधी नावानं हाकच मारलेली नाही. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. राजलक्ष्मी हे नाव मी तांदळात लिहिलं, पण तोंडानं तेही कधी म्हटलं नाही. आजवर ‘अगं, ऐकलंस का’ यावरच संसार झाला.

टांगेवाला जरा लांब घोड्याला पाणी दाखवत होता. मी खांबाला धरलं आणि मोठ्यानं म्हटलं, लीला.

त्या थांबल्या. आधी त्यांनी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला हाक मारली असेल म्हणून. मागं नुसतं गवत होतं.

मग त्यांनी ओ दिली.